बाटलीवरची टीप

१२ जानेवारी, रविवार

चर्चमधली मिस्सा झाल्यावर ॲरोननं आम्हाला जेवायला नेलं – मला, फ्लाव्हियाला आणि आमच्या लेकीला, रोशेलला. चिवल्याच्या किनाऱ्याजवळचं नवं हॉटेल. ॲरोन जामसंड्याचा, शाळेत शिकवतो. रोशेलनं स्वतः पसंत केलेला. जेवण कशासाठी ते चौघांनाही माहीत होतं – माझा होकार हवा होता.

वाइन तुम्हीच निवडा म्हणाला, तुमचं तर आयुष्य त्यात गेलं. मी कार्डावरची सगळ्यात महाग दाखवली. साडेसहा हजार. मुद्दाम! बघू म्हटलं, काय करतो. जरा थबकला, पण मागवली.

वेटर डॅनियल, पन्नाशीचा. लेबल दाखवलं, आवाज न करता बूच काढलं, बाटलीच्या तोंडाला रुमाल लावला, पहिला घोट मला. हात बघत राहावेत असे.

बिल साडेनऊ हजार. ॲरोननं त्यावर ठेवले तीनशे. म्हणजे जेवणाचे दहा टक्के, बाटलीवर शून्य. अठ्ठावीस वर्षं मी बोटीवर वाइन वाढली. असले लोक मला पाठ आहेत – ‘बाटली नुसती उघडलीस, त्याचे कसले पैसे?’

जेवण अंगाला लागलं नाही.

१३ जानेवारी

रोशेलला सांगून टाकलं – हा मुलगा नको. हे घर टीपवर उभं राहिलंय, वाढणाऱ्याच्या हाताची किंमत नसलेला माणूस त्यात नको.

फ्लाव्हिया म्हणाली, ‘अवो, पोराक एकदा इचारा तरी.’ यात विचारायचं काय?

रोशेलच्या समोरची पेज निवत राहिली.

२० जानेवारी

रोशेलनं ॲरोनला नकार कळवला. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

९ फेब्रुवारी

रोशेल कामावर जाते, येते. माझ्याशी बोलते, विचारलं तेवढंच.

१२ मार्च, बुधवार

कुडाळच्या बाजारात डॅनियल भेटला. सुके बांगडे घेत होता. मीच ओळख दिली. त्या दिवशी तुमच्यावर अन्याय झाला, असं काहीतरी बोलून गेलो. तो गोंधळला.

म्हणाला, ‘अन्याय कसलो? तो पोरगो सकाळीच एकटो इलेलो, टेबल सांगूक. तेवाच माझ्या हातात हजार रुपये दिल्यान. तो म्हणालो, बाटली खयची घेतीत ता म्हायत नाय, पण ह्ये तुमचे.’

तीनशे नंतर ठेवले ते सगळ्या कामगारांच्या डब्यात गेले. बिलावरचे तिथे वाटले जातात, हातातले ज्याचे त्याला राहतात. हेही ॲरोननं आधी विचारून घेतलं होतं.

बस चुकली. दुसरीत उभ्यानं आलो. अठ्ठावीस वर्षांत मला आधी विचारायला कोण आलं होतं? आणि जो आला, त्याला मी दारातून परत पाठवलं.

१६ मार्च, रविवार

कोणाला न सांगता जामसंड्याला गेलो. ॲरोननं खुर्ची दिली, सरबत दिलं. मी माफी मागितली. नीट मागता आली नाही.

रागावला नव्हता. म्हणाला, तुम्ही इतक्या लांब यायला नको होतं. सावंतवाडीच्या मुलीकडे घरच्यांनी शब्द दिलाय, ईस्टरनंतर लग्न. बस येईपर्यंत माझ्यासोबत उभा राहिला. मी बोलावं म्हणून, की मी बोलू नये म्हणून, कोण जाणे.

१७ मार्च

रोशेलला सगळं सांगितलं. हजार रुपयांचंही.

‘माका म्हायत होता,’ ती म्हणाली. ‘मीच तेका सांगलंय, पपांच्या म्होरां कोणाच्या हातात नोटी देऊ नको.’

ती दहा वर्षांची असताना मी तिला म्हणे एकदा सांगितलं होतं. एका उतारूनं सगळ्या टेबलासमोर नोट वर धरली, मला दोनदा वाकायला लावलं, आणि लोक हसले. हे मी फ्लाव्हियालाही कधी सांगितलेलं नाही.

मग तेव्हाच का नाही बोललीस, विचारलं.

‘बोललंय असतंय तर तुमका ता परत आठवला असता.’