सर्वांना ठाऊक होते

६ ऑगस्ट १९७२, रविवार
सुमती गेल्यानंतर आज प्रथमच मंडळाच्या तालमीस गेलो. गणेशोत्सवातील नाटक तेच, ती असताना ठरलेले. तिची बायकोची भूमिका आता मालतीकडे. पाहुणा येणार म्हणून नवरा-बायको पान वाढून बसतात. पाहुणा येत नाही, नाटक संपते. प्रॉम्प्टिंग माझ्याकडे. नवऱ्याची भूमिका करणारे वसंतराव थबकले की मी शब्द पुरवू लागलो. ते खेकसले, "अप्पा, हा विराम आहे! नव्या नाटकात माणसं गप्प बसतात." क्षमा मागितली.
मालतीस मात्र एकदाही शब्द द्यावा लागला नाही.

८ ऑगस्ट
परतताना ट्राममध्ये मालतीस विचारले, इतके पाठांतर केव्हा झाले? ती येथे बंगाली मुलुखातच जन्मलेली, मराठी जरा अडखळत बोलते. "काकूंनीच करून घेतलं, काका. होळीपासून. म्हणाल्या, गणपतीला मी नसणार." मग जीभ चावली. "तुम्हाला माहीत होतं ना?"
होय म्हणालो.
होळीपासून! मला सांगण्यात आले होते, तिच्या अंगात रक्त कमी आहे. दुर्गापूजेच्या सुट्टीत पुरीला समुद्राकडचीच खोली हवी, हा हट्ट तिचा. ती खोली ठरवून आलो, तेव्हा तिने माझ्या हातावर साखर ठेवली.

१३ ऑगस्ट, रविवार
वसंतरावांना गाठले. "वहिनींनी शपथ घातली होती. सगळ्यांनाच." सगळ्यांना म्हणजे? "डॉक्टर, मंडळातले, आमची ही... घरात एकानं तरी आशेनं वावरावं, एवढंच त्यांचं मागणं होतं."
तो एक मी. हीच मंडळी विचारीत, "काय अप्पा, पुरीची तयारी कुठवर?" आणि मी सविस्तर सांगत असे.
नाटकात निदान दोघेही वाट पाहतात.

२० ऑगस्ट
तालमीस गेलो नाही. वसंतरावांचा निरोप: "अप्पांशिवाय मला एक वाक्य येत नाही." तसबिरीपुढे बसून विचारले, शेवटी तरी सांगणार होतीस का? शेवटच्या दिवशीही ती पुरीविषयीच बोलत होती, आणि मी

१४ सप्टेंबर
आज प्रयोग. मालती न्यावयास आली आहे. "काका, सगळे खोळंबलेत. वसंतकाकांना घाम फुटलाय." बसावयास सांगितले, हातातले काम आटोपतो, म्हणालो. काम काहीही नाही. दुपारपासून कपडे करून बसलो आहे. खाली टॅक्सीवाला भोंगा वाजवितो आहे. बाहेरच्या खोलीतून ती पुन्हा, "काका, येताय ना?"
येतो, असे म्हटले आहे. उठलेलो नाही.