चौदावं चित्र

बुलढाणा,
रविवार, १२ मार्च १९६७

प्रिय पुंजाजी,

जय भीम. तुझं कार्ड मंगळवारी मिळालं आणि आज रविवार उजाडला. एरवी तुझ्या कार्डाला मी त्याच दिवशी उत्तर टाकतो आणि त्यावरून तू मला चिडवतोसही. या वेळी चार कागद फाडून झाले. एवढं काय लिहिणं चाललंय, असं चुलीपाशून तानाबाईनं विचारलं, तेव्हा ऑफिसचं काम आहे म्हणून सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं. तू कार्डात एवढंच विचारलंस, की चांगुणावहिनीच्या दवाखान्याच्या बिलावर हरकत काढणारा तो बाबू कोण. भांडायचं नाही, एकदा भेटायचं आहे, असंही लिहिलंस. त्याचं नाव या पत्रात आहे. पहिल्याच ओळीत लिहायला हात धजत नाही, म्हणून आधी थोडं आपलं बोलतो.

परवा बोर्डिंगवरून गेलो. आपल्या खोलीला आता पत्र्याऐवजी कौलं आहेत. उंद्रीहून आपण दोघं एकाच दिवशी आलो होतो, एकाच पेटीत दोघांचे कपडे घालून, आणि पेटीला कुलूप नाही म्हणून रात्री आळीपाळीनं तिच्यावर डोकं ठेवून झोपायचो. तू मास्तर झालास, मी हिशेब खात्यात चिकटलो. पहिल्या पगारात मी छत्री घेतली आणि ती भर उन्हाळ्यातही बगलेत धरून हिंडायला लागलो, तेव्हा तू माझं नाव ‘छत्रीवाले साहेब’ ठेवलंस. लग्न होऊन आल्यावर वहिनीनंही तेच उचललं. पहिल्याच वर्षी तिनं तुमच्या घराची पुढची भिंत पांढऱ्या मातीनं पोतारून तिच्यावर गेरूनं पिंपळ काढला होता, आठवतं? पिंपळाखाली सगळी आळी. चेहरा कोणालाच नव्हता, तरी जो तो आपल्याला ओळखत होता. माझ्या बगलेत छत्री होती. मी तीनदा जाऊन पाहून आलो होतो.

नागसेन गेला तेव्हा तुम्ही वरवट बकालला होता. तार मिळाली तसा मी निघालो. गोवरानं चार वर्षांचं पोर दोन दिवसांत जातं, हे मला तोवर माहीत नव्हतं. भर दुपारची वेळ होती, तू त्याला दोन्ही हातांवर घेऊन चालत होतास, आणि मला दुसरं काही सुचेना म्हणून मी माझी छत्री उघडून त्याच्यावर धरली. आता त्याला ऊन काय लागणार होतं! पण तूही नको म्हणाला नाहीस. वहिनी दारात उभी होती. आपण वळणापलीकडे जाईपर्यंत ती तशीच उभी होती, एवढं मागं वळून मी पाहिलं होतं.

त्यानंतर ती बोलायची थांबली. चूल पेटवायची, पाणी भरायची, पण तोंडातून शब्द नाही, आणि पुढं तर तेही सुटलं आणि ती भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. कोणी म्हणालं बाहेरचं आहे, अमक्या बाबाकडे न्या. तू नेलं नाहीस. हे सगळं मागं टाकूनच आपण दीक्षा घेऊन नागपूरहून परतलो होतो, आता पुन्हा त्या दारात जाणार नाही म्हणालास, आणि रजा काढून तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलंस. तिथं बाकावर बसल्या बसल्या चहात बोट बुडवून ती फरशीवर काहीतरी काढत होती आणि ते डॉक्टरांनी पाहिलं. तो माणूस मोठा म्हणायचा. गोळ्या हिला झोपवतात, हे हिला जागं करतं, असं त्यांनी तुला सांगितलं आणि गोळ्यांच्या खालीच त्याच चिठ्ठीवर लिहून दिलं: रंगीत खडू, जाड कागद, आणि दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात चित्रांचा तास. औषध लिहावं तसं लिहिलं आणि खाली सही केली.

आणि मग तो दिवस. तू सकाळची शाळा सुटल्यावर एसटी धरून एवढा लांब बुलढाण्याला आलास, तो फक्त मला सांगायला. ऑफिस सुटत होतं. फाटकातच माझा हात धरलास आणि म्हणालास, “बोलली बे इंद्रभान. आठ महिन्यांनी बोलली. हिरवा सरला म्हणे.” खडूच्या डब्यातला हिरवा खडू संपला होता, तेवढंच तिनं सांगितलं होतं. आपण दोघं फाटकात उभं राहून लहान पोरांसारखे रडलो. मग बाजारात जाऊन तीन दुकानं हिंडलो आणि तिच्यासाठी हिरवे खडू घेतले. त्या दिवसासारखा दिवस मला पुन्हा आला नाही.

पण पंधरा पंधरा दिवसांनी शेगावपर्यंत एसटी, तिथून नागपूरची गाडी, दोघांचं तिकीट आणि तुझी बिनपगारी रजा, हे मास्तरच्या पगारात बसण्यासारखं नव्हतंच. म्हणून तू बिल केलंस. शिक्षकाच्या बायकोच्या आजारपणाचा खर्च सरकार देतं, डॉक्टरांची चिठ्ठी आहे, पावत्या आहेत, मग अडचण काय, असं तुझं म्हणणं. बरोबरच होतं ते. बिल मंजूर झालं तर ती जात राहील आणि नाही झालं तर ते बंद पडेल, एवढं तू मला तोंडानं सांगितलं होतंस. मी अंधारात होतो असं नाही.

आता ऑफिसातलं ऐक. बिल आलं, तेव्हा किसनराव, म्हणजे आमचे हेडक्लार्क, त्यांनी ते वाचलं, खडूंपाशी थोडे हसले आणि म्हणाले, “रंगाचं बिल पहिल्यांदाच पाहून राह्यलो. पण दवाखान्याची सही आहे ना, मंग जाऊ द्या.” जाऊ द्या म्हणाले, पुंजाजी. कोणी अडवलेलं नव्हतं. साहेब तर किसनरावांनी पुढं केलेल्या कागदावर न वाचता सही करतात. पण त्या खोलीत नऊ टेबलं आहेत आणि त्यातलं आपल्या माणसाचं एकच. मी नवा असताना आपल्यातल्याच एका मास्तरचं बिल वेळेत काढलं, तर मागच्या टेबलावरून आवाज आला होता की यांच्यावाल्यांचं बरं लवकर होते. बोलणारा ते विसरूनही गेला असेल. मी पाच वर्षं विसरलो नव्हतो. आणि हे तर रंगांचं बिल, त्यात गाव उंद्री, त्यात बोर्डिंगचा मित्र. कोणी काही म्हणायच्या आधीच त्या बाबूनं त्यावर हरकत काढली: उपचार प्रत्यक्ष झाल्याचा पुरावा जोडावा.

त्याला वाटलं होतं की डॉक्टरांचं आणखी एक पत्र येईल, ते जोडून बिल सोडून देऊ आणि आपल्यावर बोटही राहणार नाही. पण तू पडलास मास्तर. एका दिवसाच्या रजेलासुद्धा एसटीचं तिकीट जोडणारा. पुरावा म्हटल्यावर तू तिची चित्रंच जोडलीस, अस्सल, सगळी चौदा. तू नक्कल कशाची करणार होतास म्हणा.

ऑफिसात आलेल्या कागदाचं काय होतं ते तुला माहीत नाही, म्हणून सांगतो. प्रत्येक कागदावर आवक झाल्याचा गोल शिक्का मारायचा, कोपऱ्यात लाल शाईनं पानाचा नंबर टाकायचा, दाभणानं भोक पाडायचं आणि दोरी ओवून फाइलीला बांधायचं. हाताला इतकी सवय असते की डोळे लागत नाहीत. चौदा चित्रांचं तसंच झालं. मग ती फाइल खोलीभर फिरली. कोणी म्हणालं हे तर चौथीतलं पोरगंही काढते, कोणी म्हणालं आता सिनेमाची तिकिटंही बिलात येतील. सगळे हसले. त्या बाबूला वाटलं आता गप्प राहिलो तर आपलाच माणूस म्हणून गप्प आहे असं म्हणतील. तोही हसला आणि त्यानं शेरा लिहिला की खडू, कागद व चित्रांचा तास हे औषधांच्या यादीत नाहीत, सबब नामंजूर. पत्र टाइप होऊन साहेबांच्या सहीनं तुला गेलं.

चित्रं परत मागायला तू लिहिलंस आणि ती पोस्टानं तुझ्याकडे आली. पुढचं तूच मला सांगितलंस. तू शाळेत होतास, पुडकं तिनंच सोडलं. शिक्क्यावर बोट ठेवून पाहिलं. मग पदर ओला करून एकेक शिक्का पुसायला बसली, तशी शाई पसरली आणि तिचे रंगही गेले. संध्याकाळी तू आलास तेव्हा तिनं सगळी चित्रं तुझ्यापुढं सरकवली आणि म्हणाली, “हे सरकारी झाले आता.” तिचं शेवटचं बोलणं ते. त्यानंतर तिनं खडू हातात धरला नाही. डॉक्टरांची बदली झाली, नव्यांनी गोळ्या वाढवल्या, आणि पोळ्यापासून ती तिथंच वॉर्डात आहे. तू महिन्यातून एकदा जातोस आणि ती तुझ्याकडे पाहत नाही. ती बरी होईल असं मी लिहिणार नाही. तुलाही तसं वाटत नाही, हे तुझ्या कार्डावरून कळतं.

तर नाव. बिल अडकलं तेव्हा तू मला विचारलं होतंस, जरा पाह्य ना तुह्या ऑफिसात कोणाकडं आहे, आणि मी म्हणालो होतो की ते माझ्या टेबलाकडे येत नाही. ते माझ्याच टेबलावर होतं. हरकत मी काढली, दाभण मी टोचलं, शेरा माझा आहे. एवढंच असतं तर मी याही कार्डाला खोटं उत्तर लिहिलं असतं. इतका निगरगट्ट मी झालो आहे. पण तू चौदा पाठवली होतीस आणि तुला तेरा मिळाली. एक पोस्टात गेलं असेल असं तू म्हणालास आणि मी हो म्हणालो. आता कार्डाच्या शेवटी तू लिहिलंस, की त्या बाबूपाशी ते असलंच तर तेवढं मागून घ्यायचं आहे, तिच्या उशाशी ठेवायला, कारण ते एकच तिनं पुसलेलं नाही. ते या पत्रासोबत पाठवतो आहे. शिक्का मारल्यावर शाई वाळायला मी ते बाजूला ठेवलं आणि तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. हिरव्या वाटेनं दोन माणसं चालली आहेत. चेहरे नाहीत. एकाच्या हातांवर पोर आहे, दुसऱ्यानं पोरावर छत्री धरली आहे, आणि माझा शिक्का पोराच्या अंगावर बसला आहे. ते परत पाठवायची मला हिंमत झाली नाही. सात महिने ते माझ्या पेटीत, कपड्यांच्या खाली होतं. तिला दाखवशील तेव्हा माझं नाव सांगू नकोस. तिच्या लेखी त्या उन्हात छत्री धरणारा कोणीतरी होता, तेवढं तिच्यापाशी राहू दे.

तुझाच (हा शब्द खोडावासा वाटला तर खोड),
इंद्रभान