जवाईबापूंनी बदललेला कंप्युटर

दारव्हा, गुरुवार

चि. जवाईबापू शामराव यांस,

तुमचा सासरा सदाशिवराव याचा पोटभर आशीर्वाद. इकडं आमचं बरं हाय, तिकडं नागपूरले तुमचं बरं असावं, आमच्या उज्ज्वलेचा खोकला गेला असावा, अन् तुमची प्रकृती तं ठणठणीत असणारच, कारण मागच्या रविवारी तुम्ही जेवले कसे ते मी सोता पाह्यलं. (हे रागानं नाही लिहिलं. राग खाली हाय.)

फोन काहून नाही केला म्हणसान, तं फोनवर तुम्ही "काय म्हणता मामाजी" म्हणलं का माह्या तोंडून आपोआप "सगळं मजेत" निघते. वरून तुमची सासू मोतीबाई बाजूले उभी असते, अन् जवाईमाणसासंग आवाज चढला का माह्या बरगडीत कोपर मारते. कागदावर लिहितो तवा ती सैपाकघरात असते, म्हणून हे पत्र.

तं ऐका. आपल्या गॅरेजात चाकं सरळ करायची, म्हणजे अलाइनमेंटची, जी मशीन हाय, तिचा जुना कंप्युटर तुम्ही त्याच रविवारी तासाभरात उचलला, नवा मांडला, अन् जुना डिक्कीत टाकून "भंगारात देतो मामाजी, तुम्हाले कायले तरास" म्हणत घेऊन गेले. लय उपकार झाले! सोमवारी सकाळी पहिली काळीपिवळी जीप आली, चाकाले सेन्सर लावले, बटण दाबलं, अन् नव्या कंप्युटरनं सांगतलं का हा प्रोग्राम या सिस्टिमवर चालत नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मोतीबाईनं अगरबत्ती लावून दाबलं, तरी तेच. अन् सेन्सरची जाड वायर ज्या भोकात जाते, ते भोकच तुमच्या नव्या डब्ब्याले नाही! अरे बाप्पा, अठरा वर्षांचा प्रोग्राम, बनवणारी कंपनी बंद, सीडी उंदरानं कुरतडलेली. तं जुनं नव्यावर चालते का, हे उचलायच्या आधी पाहायचं का नंतर? उज्ज्वलेसाठी तुमचं स्थळ आलं तवा आम्ही तुमच्या तीन पिढ्या विचारल्या होत्या, अन् तुम्हाले एक वायर विचारता आली नाही? आता त्या नव्या कंप्युटरवर दिवसभर एका पहाडाचा फोटो दिसते. गिऱ्हाईक येते, पहाड पाहते, अन् जाते. चार दिवस झाले, माह्या तळपायाची आग मस्तकात जाऊन बसली हाय.

प्रोग्राम गेला तेवढ्यावर भागलं असतं तं मी गप्प बसलो असतो. (नसतो बसलो, पण हळू बोललो असतो.) त्या जुन्या कंप्युटरात जुन्या जिपांची मापं होती, जी आता कोणत्याच यादीत सापडत नाहीत. अय्याजनं एकेक गाडी खाली झोपून मोजली अन् भरली. अय्याज म्हणजे आपला मेकॅनिक. तुमच्या वरातीची बंद पडलेली गाडी ज्यानं मांडवापर्यंत ढकलत आणली तो (तुम्ही आत बसूनच होते). बावीस वर्षांपासून माह्यापाशी हाय. म्हणजे होता. मंगळवारी त्यानं पाने पुसले, खुंटीवर टांगले, अन् घरी निघून गेला. बसस्टँडजवळच्या गॅरेजवाल्यानं त्याले बोलावणं धाडलं म्हणते. मशीन मी दुसरी आणीन, जवाईबापू, अय्याज कोठून आणू? गाडी रस्त्यानं येताना पाहूनच तो सांगते का ती डावीकडं ओढते का उजवीकडं. मले तं अंगावर आली तरी समजत नाही, अन् हे गावात कोणाले सांगू नका.

बाकी घरी सर्व मजेत. उज्ज्वलेले सांगा, काढा घेत जा.

तुमचा रागावलेला, पण सासराच,
सदाशिवराव

ता. क. : जुना कंप्युटर भंगारात दिला नसंल तं थांबा. दिला असंल तं सोडवून आणा. अन् एसटीच्या पार्सलनं धाडू नका, सोता घेऊन या. काहून, ते खाली लिहितो.

दुसरं ता. क. : वर एक लिहायचं राहून गेलं. तुम्ही त्या दिवशी आधी मले एक कागद दिलता. जुने प्रोग्राम लागतीन का, ते नव्यावर चालतीन का, वायर बसंल का, असे आठ प्रश्न होते. मी सगळ्यांपुढं "हो" लिहिलं. जुना कंप्युटर काही दिवस ठेवायचा का, त्याच्यापुढं तेवढं "नाही" लिहिलं. जवाई एवढ्या हौसेनं करून राह्यला, त्याच्या हौसेले मोडता कसा घालावा? तुम्ही हात धुवाले गेलते तवा अय्याज मले म्हणला, "मालक, हे नाही चालणार, वायरच नाही बसणार." मी चार गिऱ्हाइकांसमोर त्याले म्हणलं, "तुले काय समजते? जवाईबापू शिकलेले माणूस हायेत." सोमवारी मशीन बंद पडली तवा "तूनच वायर बिघडवली" असंही म्हणलं. शरम वाटते लिहायले.

तिसरं ता. क. : काल अय्याजच्या घरी गेलतो. हात जोडले. त्यानं माहे हात धरून खाली केले, म्हणला, "मालक, तुम्ही नका जोडू." चहा पाजला, फाटकापर्यंत पोचवलं, पण येतो काही म्हणला नाही. म्हणून तुम्ही या. तुमच्या शिक्षणाचं नाव घेऊन मी त्याले चौघांत लहान केलं. आता तुम्हीच चौघांत सांगा का अय्याज बरोबर होता.