पिंजऱ्यातली दोघं

अहो मास्तर,

तुम्हाला जाऊन तीन महिने होत आले. मला लिहायचा कंटाळा, ठाऊक आहे तुम्हाला. पण काल आपल्या वाडीत बिबट्या धरला. हे दुसऱ्या कोणाला सांगू?

फणसाडच्या रानातून उतरला होता. शेजारचा कुत्रा नेला. फॉरेस्टवाल्यांनी सुपारीच्या बागेत पिंजरा मांडला नि म्हणाले, "मावशी, तुमचं करडू द्या. मधे जाळी असते, काही होत नाही त्याला."

"मग तुमचं पोर बसवा की!" म्हटलं. हसले मेले.

आपल्या चंपी शेळीचं करडू हो ते! तुम्ही खाटेवर पडल्या पडल्या बाटलीने दूध पाजलेलं. पण वाडीवरूनच पोरं शाळेत जातात. काय करणार? दिलं. तुम्ही दिलं असतंत?

तेव्हा तुमच्या त्या दोन इंग्रजी कविता आठवल्या. मुरूडला कॉलेजात शिकवायच्या आधी सकाळी तालीम माझ्यावर! एकीत कोकरू, दुसरीत वाघ. "शालन, दोन्ही शेजारी ठेवल्या तरच कळतात." कोकरू ऐकून घ्यायचे मी. वाघ आला की म्हणायचे, "वाघ दिसला तर कोयता काढीन. चहा घ्या." तुम्ही हसून पुस्तक मिटायचात.

का मिटायचात? वर्गभर पोरांना दटावायचात, मग बायकोला "ऐक गं जरा" म्हणता येत नव्हतं?

काल सकाळी पिंजऱ्याकडे गेले, तर बिबट्या आत. शिव्या तोंडात तयार होत्या. पण त्याने गजांवर आपटून नाक फोडून घेतलेलं. माझ्याकडे बघितलंन. दवाखान्यात नळ्या ओढता म्हणून तुमचे हात बांधले होते ना, तेव्हा तुम्ही बघायचात, तस्संच! घरी ने म्हणत होतात. मी नाही नेलं तुम्हाला.

जाळीपलीकडे करडू उभं. ओरडून ओरडून आवाज गेलेला. कोणाकडे बघू मी? एकाची दया केली की दुसऱ्याचं काय?

तुम्हाला विचारायचं होतं हो.

बिबट्याला गाडीतून नेलं. करडू माझ्याजवळ आहे. बाटली घेतं, पण ओरडत नाही अजून.

रविवारी आपली लेक सुमा यायची आहे. तुमचं पुस्तक पुसून ठेवलंय. वाघाची कविता तिच्याकडून वाचून घेईन, अर्थासकट, शेवटपर्यंत. चहा उतू गेला तरी उठणार नाही.

तुमची,
शालन