पाय त्यांचा होता, वसंता

प्रिय वसंता,

काल संध्याकाळी तुला विमान शिकवणारे कॅप्टनसाहेब दौलतगंजातल्या आपल्या घरी येऊन गेले. तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे. रोजनिशी लिहायला बसले, तर दोन ओळींनंतर लक्षात आलं, की हे मी स्वतःला सांगत नाही, तुला सांगते आहे. म्हणून हा कागद घेतला.

तू जाऊन तीन महिने झाले. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. कुणी केला हा नियम? ज्याच्यावर रागवायचं तोच निघून गेला, तर मागे राहिलेल्यांनी तो राग ठेवायचा कुठे?

कॅप्टनसाहेबांना तुझं काहीच कळलेलं नव्हतं. दारात उभे राहून त्यांनी त्याच जुन्या आवाजात विचारलं, "वसंत है?" तुझी बायको सुनंदा पोळ्या लाटत होती, ती लाटणं ठेवून आतल्या खोलीत गेली. सांगायचं माझ्यावरच आलं. भोपाळ, विषमज्वर, नऊ दिवस. ते खुर्चीवर बसले आणि बराच वेळ हातातली टोपी फिरवत राहिले. मग म्हणाले, "मैं तो उसे डाँटने आया था, बहनजी. अपनी कॉपी छोड़ गया था क्लब में."

विमानांचा तो क्लब आता इथून उठतोय. कपाट आवरताना तुझी उड्डाणांची वही सापडली, म्हणून ते आले होते.

तुला आठवतं, संस्थान विलीन झालं तेव्हा लष्कर पेठेतल्या आपल्या मराठी घराघरांत कसं सुतक आल्यासारखं होतं? बाबांची कचेरी गेली. ते पाहायला बाबा नव्हते, हेच बरं, असं सगळे म्हणायचे. तू मात्र सायकलवरून आलास आणि ओसरीवरूनच ओरडलास, "अक्का, मी विमान शिकणार!" आई गेल्यावर तुला मी वाढवलं. त्या दिवसाइतक्या मोठ्याने तू पुन्हा कधी बोललेला मला आठवत नाही.

मग रोज संध्याकाळी मी विचारायची, "आज काय डाँट पडली?" आणि तू कॅप्टनसाहेबांची नक्कल करायचास. "नाक ऊपर! अपनी नहीं, जहाज़ की!" विमान डावीकडे सरकलं की, "उधर क्या ससुराल है तुम्हारी?" मी हसायची आणि ते सगळं रोजनिशीत लिहून ठेवायची.

तुझ्याबरोबर शिकणारा तो रणवीर त्यांना तोंडावर म्हणाला होता, "सर, ससुराल तो दाईं तरफ़ है, इसे तो हवा ले जा रही है." हे सांगताना तुझे डोळे विस्फारले होते. "अक्का, सरांना असं बोलतात?" रणवीर विमान उतरवायचा ते बेडकासारखं, तीन उड्या मारत. तरी तिसऱ्या महिन्यात त्याला एकट्याने उडायला सोडलं. तू उतरायचास तेव्हा धक्कासुद्धा जाणवायचा नाही, असं मेकॅनिक म्हणायचे. आणि तू वर्षभर कॅप्टनसाहेबांच्या मागच्या बैठकीवरच!

तू त्यांना काय उत्तर द्यायचास? "जी सर." ते खरं बोलले तरी "जी सर", खोटं बोलले तरी "जी सर".

आता तो दिवस. तू घरी आलास आणि आधी हात-पाय धुतलेस. मग म्हणालास, "अक्का, आज एक गंमत झाली." विमान वळवायच्या पायाखालच्या पट्ट्या पुढच्या-मागच्या बैठकींना जोडलेल्या असतात, एकाने दाबली की दुसऱ्याच्या पायाला कळतं, हे तूच मला पाट मांडून समजावलं होतंस. त्या दिवशी तुझे पाय स्थिर होते आणि पट्टी आपोआप सरकली. विमान तिरकं झालं. दोन बैठकींमधल्या बोलायच्या नळीतून कॅप्टनसाहेब कडाडले, "यह क्या किया तुमने? सो रहे हो?"

"मग तू काय म्हणालास?"

"जी सर, ग़लती हो गई."

"पण पाय तुझा नव्हता ना?"

"पाय त्यांचा होता, अक्का. पण असं कसं म्हणायचं?"

आज सकाळी मी त्या दिवसाचं पान काढून वाचलं. माझ्याच अक्षरात लिहिलंय: 'वसंताला आज विनाकारण बोलणी बसली. त्याने शांतपणे चूक पत्करली. बाबांना अभिमान वाटला असता.' तुला मी शाब्बास म्हटलं होतं, वसंता! वर शिराही केला होता.

बाबांचा अभिमान कुठला, ते तुला माहीत आहे. सरदारांच्या हातून खलिता भलत्याच पाकिटात गेला आणि बाबांनी भर कचेरीत हात जोडून सांगितलं, "चूक सेवकाची." दुसऱ्या दिवशी घरी जरीचा शेला आला. दर दसऱ्याला तो शेला पेटीतून निघायचा, पाटावर ठेवला जायचा आणि ती गोष्ट पुन्हा सांगितली जायची. धन्याची चूक आपल्या अंगावर घ्यायची, हीच आपली खानदानी रीत! बाबांनंतर ती गोष्ट तुला कोण सांगत होतं? मीच. कॉलेजात शिकलेली, मुलींना शाळेत शिकवणारी मी.

काल चहा पिताना कॅप्टनसाहेबांनी ती वही उघडली. शेवटच्या पानावर त्यांनी इंग्रजीत लिहिलं होतं, की हात उत्तम, पण एकट्याने उडण्यास अयोग्य. मी विचारलं, का?

"पैर मेरा था, बहनजी. जानबूझकर दबाया था. तीन बार, अलग-अलग दिन. मैं देखना चाहता था, लड़का बोलता है या नहीं."

ते म्हणाले, नळीतून दोन्ही बाजूंनी बोलता येतं, पण वर्षभर तुझ्या बाजूने त्यांना 'जी सर'खेरीज काही ऐकू आलं नाही. जो मला माझी चूक सांगू शकत नाही, तो वर एकटा असताना स्वतःला काय सांगणार?

तिन्ही वेळा, वसंता? मला तर तू एकदाच सांगितलंस! बाकीच्या दोन वेळा का लपवल्यास? मी पुन्हा शिरा करीन म्हणून?

मग माझा राग सुटला. मी म्हटलं, "आणि हे तुम्ही त्याला सांगितलं का नाही? नंतर तरी?"

"बता देता तो फिर इम्तिहान कैसा?"

"त्याला तुमच्याकडे शिकायला पाठवलं होतं. जे कधी कुणी शिकवलंच नाही, त्याची परीक्षा घेतलीत? तो आपल्या हातांत कसबच नाही असं समजून गेला, साहेब. पुढे सात वर्षं कचेरीत खाली मान घालून फाइली लिहीत होता!" मी मराठीतच बोलत होते. त्यांना सगळं कळत होतं.

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आप ठीक कहती हैं. ग़लती मेरी थी." आणि उठता उठता, "लेकिन यह बात उसे कहनी थी."

त्यांचा मला संताप आला. अजून आहे. पण ते खोटं बोलले, असं मला लिहिता येत नाही.

कारण तुझं पुढचंही मला माहीत आहे ना! राज्य दुसऱ्यांदा बदललं, दफ्तरं भोपाळला गेली, त्यांच्यामागे तूही गेलास. अंगात ताप असताना तिथल्या कचेरीतल्या साहेबांनी निरोप धाडला, की कागद आजच हवेत. सुनंदा म्हणाली, नाही म्हणा. तू "जी" म्हणून कोट चढवलास. दोन दिवस गेलास कचेरीत! कुणाचे कागद होते ते? कुणाला आठवतात आता? इतका कसा रे तू सज्जन? तुला एक मुलगी होती, हे विसरलास?

आणि मी कुणाला विचारते आहे हे? तुझ्या तोंडाला कुलूप घालून वर जरीचा शेला पांघरणारी मीच नव्हते का?

काल त्यानंतर जे घडलं, ते मला अजून पुरतं उमगलेलं नाही. कॅप्टनसाहेबांना निरोप देऊन मी तणतणत वळले, आणि माझ्या पदराने त्यांचा अर्धा राहिलेला चहा तुझ्या वहीवर सांडला. तुझी मंजू शेजारी उभी होती. मी ओरडले, "मंजे, काय केलंस हे!"

तिने मान खाली घातली. "चुकलं, आत्या."

सहा वर्षांची आहे रे ती!

मी खाली बसले. विचारलं, "खरं सांग, कुणी सांडला?" गप्प. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं, तशी ती रडायला लागली. तेव्हा मला कळलं, की मीही तेच करते आहे, कॅप्टनसाहेबांनी केलं तेच. मग मी तिचे हात धरून म्हटलं, "माझा पदर लागला, मंजू. मी सांडला."

तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "मला दिसलं होतं."

तिला दिसलं होतं, वसंता. तुलाही कळलं होतं.

वही उन्हात वाळत ठेवली आहे. कॅप्टनसाहेबांच्या त्या ओळीवर डाग पडलाय, पण अक्षर वाचता येतं. मी ते पुसणार नाही. त्याखाली माझ्या हाताने लिहिणार आहे: 'पाय त्यांचा होता.' तू म्हणाला नाहीस, म्हणून मी लिहिते.

यंदाच्या दसऱ्याला शेला पेटीतून काढीन, पण मंजूला ती गोष्ट सांगणार नाही. तुझी सांगीन, तिन्ही वेळची. आणि ज्या दिवशी ती माझ्याकडे बघून म्हणेल, "आत्या, चूक तुमची आहे," त्या दिवशी मी चिडेन. नक्की चिडेन, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. पण चिडून झालं, की चुलीवर कढई ठेवीन आणि तिच्यासाठी शिरा करीन. एवढं वचन घे.

तुझी,
अक्का