तिच्यापेक्षा एक बोट लांब नळी

काल्हेर, ता. भिवंडी
कोजागिरीचा दुसरा दिवस, २००८

तीर्थस्वरूप पंढरीदादास,

काल्हेरहून धाकट्या अनसूयेचा वाकून नमस्कार. पडघ्याला सगळी बरी असाल. वहिनींचा गुडघा काय म्हणतो? आणि तुझी साखर? (गणपतीत तू डोळे मिटून मोदक खात होतास ते मी पाहिलं आहे. वहिनींना बोलले नाही.) इकडे सासूबाई खणखणीत आहेत, हे बरे आहेत, सार्थक उंचीने वाढतोय, अभ्यासात आहे तिथेच आहे. फोन करायचा सोडून पत्र का लिहिलं म्हणशील. आमचा फोन ओटीवर, आणि ओटीवर कायम क्षितिजा. मोबाइल ह्यांच्या खिशात, आणि हे तिच्या बाजूचे. मग लिहू नको तर काय करू?

क्षितिजेला देवेशभावजींसाठी मीच पसंत केली होती, ते तुला ठाऊक आहे. (तूच म्हणाला होतास, पोरगी गरीब दिसते. तुझ्या डोळ्यांचीही एकदा तपासणी करून घे.) स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यावा तर असा. ही बाई दिवाळीच्या पाडव्याला भावजींना घेऊन वेगळी होतेय. नाक्याच्या पलीकडे नवीन बिल्डिंग झाली आहे, तिथे त्यांनी फ्लॅट घेतला, तिसऱ्या मजल्यावर. घरात सगळे तोंड पाडून बसलेत. मी नाही. मी म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

आता मूळ गोष्ट. आमची दोन गोडाउनांच्या मध्ये उरलेली शेताची पट्टी आठवते ना, तिथे भावजींनी पेंटबॉलचं मैदान काढलं आहे. ठाण्या-मुंबईच्या कंपन्यांची माणसं रविवारी येतात, जाळीचे मुखवटे घालून पिंपांच्या आडून एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारतात आणि वर पैसे देऊन जातात. (बाबा असते तर म्हणाले असते, भात लावायला पण बोलवा यांना.) आम्ही दोघी जावा त्यांच्या जेवणापुरत्या, भाकरी आणि गावठी कोंबडीपुरत्या. एकदा एका कंपनीची दोन माणसं कमी पडली. भावजींनी आम्हांला पदर खोचायला आणि डोक्याला ओढणी बांधायला लावून उभं केलं. दादा, मी त्या दिवशी त्यांचा मोठा साहेब टिपला, बरोबर टकलावर! तेव्हापासून लोक फोन करून विचारतात, रविवारी त्या काळ्या ओढणीच्या ताई आहेत ना? ती काळी ओढणी म्हणजे मी. चौदा वर्षं या घरात मी थोरली आहे, पण नाव काढून कोणी विचारलं ते पहिल्यांदाच.

आणि तिथेच आमच्या बाईसाहेबांच्या पोटात दुखायला लागलं. (हो, तिच्याच. माझ्या नाही.) खाडीच्या दमट हवेने त्या गोळ्या फुगतात आणि बंदुकीच्या नळीत अडकतात. आम्ही सगळे देवाचं नाव घेऊन फुंकर मारत होतो. क्षितिजा मात्र कोणाला न सांगता फुगलेल्या गोळ्यांचा डबा घेऊन भिवंडीत नामाकडे गेली. नामा लूमचे पार्ट बनवतो, स्वतःचं लेथ मशीन आहे, आणि जिभेलाही लेथसारखाच फिरता पट्टा आहे. तिने त्याच्याकडून गोळीच्या मापाची नवी नळी पोखरून घेतली. चार दिवसांत आणली सुद्धा! गोळी अशी सरळ जायची की बघत राहावं. मी बघितलं नाही. पण ह्यांनी बघितलं, आणि पंगतीत, माझ्या हातची भाकरी तोंडात असताना म्हणाले, "नेम असावा तर क्षितिजेसारखा." माझा सख्खा मुलगा सार्थक मान हलवत होता. दादा, माझ्या अंगाचा तिळपापड झाला, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी मी नामाकडे. सोनाराकडे आपण कसं सांगतो, तिच्या बांगडीसारखीच, पण थोडी जाड? तसंच सांगितलं. हिच्यासारखीच नळी पाहिजे, पण एक बोट लांब. नामाने डोकं खाजवून विचारलं, "वयनी, बोट आडवा का उभा?" आता माझ्यासारख्या बाईने आडवं बोट म्हणायचं का? मी म्हटलं, उभं. मग सुरू झाली त्याची कथा. आज लाईट नाही, उद्या पट्टा तुटला, परवा "वयनी, कल पक्का", आणि कल कधी उजाडेना. मी सुके बोंबील पाठवले, मग जवळा, मग आईच्या हातचं लोणचं. बोंबलांना मान देऊन त्याने नळी दिली खरी, पण त्याच संध्याकाळी क्षितिजेला सांगूनही टाकलं. ती गेली आणि तिने दोन बोटं वाढवून आणली. मग मी तीन. मग ती. नामा बिचारा म्हणत होता की एवढी लांब नळी त्याच्या मशीनवर एकसंध पोखरता येत नाही, दोन तुकडे करून आट्यांचा जोड द्यावा लागेल. मी म्हटलं, जोड दे नाहीतर झालर लाव, तिच्यापेक्षा लांब झाली पाहिजे. (आता कळतं की ती पण हेच म्हणाली होती. फक्त झालर माझी.)

नळीवर नाव घालायचं डोक्यात आलं तेही तिच्यामुळेच. तिने आपल्या नळीवर वेलबुट्टीत "क्षितिजा" कोरून आणलं होतं. मी भिवंडीत भांडीवाल्याकडे गेले, जो लग्नाच्या हंड्या-कळशांवर नावं घालतो. नाव कागदावर लिहून दिलं आणि कोथिंबीर घ्यायला गेले. परत येते तो त्याने सवयीने कोरून ठेवलेलं, "सौ. अनसूया राघो तरे यांजकडून सप्रेम भेट." पुसता येत नाही म्हणाला. वर मलाच विचारतो, मुलीचं लग्न कधी आहे?

तर मागच्या रविवारी मीच हट्ट धरला की आम्ही दोघी समोरासमोर खेळणार. कायम एका बाजूला असायचो, पण म्हटलं, पाडव्याला जायचीच आहे, जाण्यापूर्वी घरात थोरली कोण ते कळून जाऊ दे. ठाण्याच्या एका बँकेची माणसं आली होती, निम्मी तिच्याकडे, निम्मी माझ्याकडे. नळी एवढी लांब की पिंपाआड लपले तरी तिचं टोक बाहेर डोकावत होतं, त्यामुळे मी कुठे आहे ते सगळ्या मैदानाला दिसत होतं. शेवटी आम्ही दोघीच उरलो. ती समोर, मी समोर, मध्ये जेमतेम ओटीएवढं अंतर. मी नेम धरला आणि दाबलं. आत फट् झालं. जोडाच्या कडेवर गोळी चिरली आणि नळीच्या तोंडातून पिवळा रंग थेंब थेंब गळायला लागला, नेमका माझ्याच चपलेवर. मनात म्हटलं, संपलं. पण तिने दाबलं तर तिच्याही नळीतून तसाच हिरवा रंग! बँकेची माणसं गवतावर लोळत हसत होती. सासूबाई खाटेवरून ओरडल्या, "गो, ह्या बंदुकी हायत का नलाच्या तोट्या?" क्षितिजा मुखवटा वर करून हसायला लागली. मी हसले नाही. (थोडं हसले. मुखवट्यात दिसलं नसेल.) पण हे धावत आले ते तिच्याकडे, डोळ्यांत रंग गेला का विचारायला. माझ्याकडे आले ते चप्पल बघायला.

म्हणून दादा, तुला सगळं लिहिलं. जावा जावा उभा दावा म्हणतात, पण मी दावा मांडला नव्हता, तिने मांडला. ती जातेय ते फार बरं होतंय. घर मोठं होईल, फोन मोकळा होईल, पापलेटाचा मधला तुकडा माझ्या मुलाला मिळेल. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
अनू

ता. क. नामाने दोन्ही नळ्यांचे जोड काढून पहिल्यासारख्या आखूड करून दिल्या. माझ्या तुकड्यावरचं "यांजकडून सप्रेम भेट" कापलं गेलं, नाव राहिलं. दोन्ही आता सारख्या मापाच्या आहेत. क्षितिजेला वाटतं तिची थोडी लांब आहे. मी शेजारी ठेवून बघितल्या, नाहीये. बोलले नाही.

पुन्हा ता. क. काल तिने तिकडे न्यायच्या भांड्यांना कागद गुंडाळायला घेतला. मी मदत केली नाही, नुसती बाजूला बसले. सार्थक संध्याकाळपासून जेवला नाही. दादा, ही गेली तर मी जळू कोणावर? वहिनींशी माझं पटतं, पण त्या पडघ्याला, त्यांच्यावर जळायला एवढ्या लांब कोण येणार?

आणखी एक. क्षितिजेच्या त्या नव्या बिल्डिंगला रेती आणि विटा तूच पुरवतोस ना? बिल्डरला विचार, त्याच जिन्यात अजून एखादी जागा शिल्लक आहे का. ह्यांना मी तयार करते. सासूबाईंना विचारून झालं, त्यांचं एवढंच म्हणणं की, "लिफ्ट हाय का?" क्षितिजेला यातलं काही कळू देऊ नकोस. आणि दादा, तिच्यापेक्षा खालचा मजला असला तरी चालेल.