मॉरिसच्या मागच्या चाकांविषयी कबुली

लोहारा, १२ एप्रिल १९८६

तीर्थस्वरूप नानासाहेब मामांच्या पायांशी बलभीमचा दंडवत पोचावा. सोलापुरात डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे तिथं तुमच्याजवळ असलेल्या मुक्ताताईच्या कार्डावरून कळलं आणि जीव भांड्यात पडला. पट्टी आहे तोवर हसायचं नाही, खोकायचं नाही आणि रागवायचं तर मुळीच नाही, असं डॉक्टरांनी बजावल्याचंही कळलं. म्हणून ताईनं हे पत्र सावकाश वाचून दाखवावं. इकडं सगळे खुशाल. (सगळे म्हणजे मी, मथुरामामी आणि दोन्ही बैल. मोटारीचं खाली लिहितो.)

निघताना तुम्ही मॉरिसची चावी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "बलभीमा, आठवड्यातनं एकदा चालू कर. बाकी हात लावू नगंस." मीही तेवढंच करणार होतो. पण मामी म्हणाल्या की पट्टी निघेल तेव्हा तुम्हाला समोर पहिल्या त्याच दिसल्या पाहिजेत. जायचं मात्र एसटीनं, कारण तुमच्या गाडीत त्या बसत नाहीत. (का बसत नाहीत ते, तुम्ही 'तसं काही झालंच न्हाय' म्हणता म्हणून, इथं लिहून ठेवतो. वीस वर्षांमागं भाऊबीजेला जळकोटला त्यांच्या माहेरी तुम्ही गाडी नेलीत. दारात भाकरतुकडा घेऊन सगळे उभे, आणि गाडी थांबेना. मामी खिडकीतून माहेर बघत बघत पुढं गेल्या आणि गावाबाहेर उतरल्या.) अशा बाईला पुन्हा गाडीत बसवायचं तर ब्रेक जबरदस्त पाहिजेत, असं मी ठरवलं. मला कुणी विचारलं नव्हतं.

आता मी पडलो सोसायटीच्या पंपांची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. जरा काही फिरवता आलं की सगळंच येतं असं वाटायला लागतं. सोलापूरच्या भंगार बाजारात एका परदेशी गाडीचे डिस्क ब्रेक मिळाले. (जुना ड्रम ब्रेक म्हणजे बंद डबा, आतून लायनर फाकून चाक धरतो. डिस्क म्हणजे उघडी थाळी, तिला दोन्हीकडून चिमटा.) लेथवाल्या शांतलिंगाकडून जोडपट्ट्या करून घेतल्या आणि चार दिवस खपून मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक बदलले. पायाचा ब्रेक असा झाला की पहिल्याच दाबाला माझं कपाळ काचेवर आपटलं. तेव्हा शांतलिंगानं विचारलं, "हँडब्रेकच्या तारा कुठं अडकवणार? त्या तर ड्रममधी जात व्हत्या." मी म्हणालो, बघू नंतर. मामा, हे मला ठाऊक नव्हतं असं लिहून सुटलो असतो, पण ठाऊक होतं. तारा गुंडाळून खिळ्याला टांगल्या आणि गावभर डिस्कची फुशारकी मारत हिंडलो. मला सगळ्यात जास्त लाज याचीच वाटते.

पाडव्याला गाडीची पूजा घातली. अंगण उताराचं, म्हणून मागच्या चाकाला नेहमीसारखा दगड लावलेला होता. मामींच्या अक्षरशः पाया पडून त्यांना मागच्या सीटवर बसवलं, पूजेचं ताट मांडीवर दिलं. "ही थांबती का रं आता?" त्यांनी विचारलं. मी हँडब्रेकचा दांडा वर ओढून दाखवला. कडकड आवाज झाला. (आवाजाला तार लागत नाही.) मग नारळ फोडायला दगड हवा. सारवलेल्या अंगणात दगड एकच, आणि तो चाकाखालून मी माझ्या हातानं काढला. नारळ एका ठोक्यात फुटला. मान वर केली तर गाडी जागेवर नव्हती.

खाली सोसायटीची जनावरांची छावणी आहे, तुम्हाला माहीतच आहे. मामी मागच्या मागं तिकडं निघाल्या होत्या, काचेतून माझ्याकडं बघत, आणि मी दोन हातांत नारळाच्या दोन वाट्या घेऊन पळत होतो. (टँकर तीन दिवसांनी येतो आणि हा पोरगा नारळाचं पाणी सांडत पळतोय, असं शेजारच्या पुतळाबाई अजून सांगत असतात.) कारखान्यावरून आलेल्या उसाच्या वाढ्यांच्या, म्हणजे हिरव्या शेंड्यांच्या, ढिगात गाडी रुतली. ना माणसाला खरचटलं ना जनावराला. मागचा बंपर आणि एक दिवा गेला, हार बैलांनी खाल्ला. मामी ताट सांभाळत उतरल्या, पदर सारखा केला आणि एवढंच म्हणाल्या, "ह्यांना कळवू नगंस. डोळ्याला ताण पडंल." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन दिवस मी त्यांच्यासमोर मान वर केलेली नाही. तुमचा विश्वास आणि मामींचा उरलासुरला धीर, दोन्ही मी एकाच सकाळी उतारावर सोडले. आल्यावर जी शिक्षा द्याल ती मान्य.

आपला अपराधी भाचा,
बलभीम

ता. क. १ : मी कळवलं हे मामींना कळू देऊ नका.

ता. क. २ : पत्र लिहिलं ते खरं यासाठी. पट्टी शुक्रवारी सकाळी आठला निघणार असं ताईनं लिहिलंय. पहिली एसटी अकराच्या आत पोचत नाही, म्हणून मामी मॉरिसनंच येणार म्हणतात. मी बैलाच्या चालीनं आणणार आहे. तेव्हा त्या समोर येऊन उभ्या राहीपर्यंत डॉक्टरांना पट्टीला हात लावू देऊ नका. दुपार झाली तरी चालेल.

ता. क. ३ : गाडी बैलांनी ओढून वर आणली, आणि मामी कालपासून अंगणातच तिच्यात बसायचा सराव करतात. आत्ताही मागं बसल्यात, डोळे घट्ट मिटून. मघाशी विचारलं, उतरता का? म्हणाल्या, "त्यांनी तिकडं आठ दिस डोळं मिटून काढले, मला घटकाभर जमंना व्हय?" म्हणून चाकाखाली दगड असूनही हे पत्र मी पुढच्या सीटवर बसून, पायानं ब्रेक दाबून लिहितोय. पायाला मुंग्या आल्यात, पण काढत नाही.